हिरा, माणिक आणि लेसर : बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेची गोष्ट

लेसरचा इतिहास सांगणारे लेख बहुधा १६ मे १९६० या तारखेपासून सुरू होतात. त्या दिवशी कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथे थिओडोर मेमन यांनी फिकट गुलाबी माणकाच्या एका लहानशा कांडीतून पहिला लेसर किरण मिळवला. तीन वर्षांनी, १९६३ साली, एखार्ट, बोर्टफेल्ड आणि गेलर या तिघांनी हिऱ्यावर माणिक लेसरचा प्रखर झोत टाकला आणि हिऱ्याच्या आतून वेगळ्याच तरंगलांबीचा, पण लेसरसारखाच बांधेसूद प्रकाश बाहेर आलेला पाहिला. माणिक आणि हिरा. हे दोन्ही स्फटिक त्याच्या वीस वर्षे आधी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, भौतिकशास्त्र विभागातील एकाच वर्णपटमापकासमोर आलटूनपालटून ठेवले जात होते. ते ठेवणाऱ्यांपैकी एक होत्या ॲना मणी.

या योगायोगावरून 'लेसर खरे तर बंगळुरूतच लागला असता' असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे पुढे येईलच. मात्र त्या प्रयोगशाळेत जे घडले ते लेसरसाठी पदार्थ कसा पारखावा या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. लेसरला प्रकाश लागतो हे खरे, पण लेसर घडतो तो पदार्थात. त्या पदार्थात एखादा परका अणू किती प्रमाणात आहे, जालक कुठे ताणलेले आहे, उष्णता किती वेगाने निघून जाते, यांवर सारे अवलंबून असते. हे प्रश्न बंगळुरूत १९४०च्या दशकात विचारले गेले. त्यांची उत्तरे काही बरोबर मिळाली, काही साफ चुकली.

सी. व्ही. रामन १९३३ साली कलकत्त्याहून बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून आले. नोबेल पारितोषिक मिळून तीन वर्षे झाली होती. बंगळुरूत या संस्थेला 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणण्याचा प्रघात तेव्हाही होता आणि आजही आहे. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच मुंबईहून आलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यात आला होता आणि त्यांनी तो हट्टाने मिळवला, ही हकीकत मराठी वाचकांना परिचित आहे. १९३५-३६मध्ये जर्मनीतून परागंदा झालेले माक्स बोर्न सुमारे सहा महिने बंगळुरूत राहिले. त्यांना कायमची जागा देण्याचा रामन यांचा प्रयत्न संस्थेतील विरोधामुळे फसला. १९३७ साली रामन यांना संचालकपद सोडावे लागले. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते १९४८पर्यंत तिथेच राहिले. कारभारातून मोकळे झालेल्या या अकरा वर्षांत त्यांचे मन सर्वाधिक कशात रमले असेल, तर ते हिऱ्यात.

हिराच का? रामन यांच्या दृष्टीने उत्तर सरळ होते. सगळे अणू एकाच मूलद्रव्याचे, तेही हलके. बंध अतिशय ताठ. रचना सोपी आणि सममित. घन पदार्थातील अणू कसे थरथरतात हे पाहायचे असेल, तर याहून स्वच्छ नमुना निसर्गात नाही. पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला तर विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश, कोटी प्रकाशकणांत जेमतेम एखाददुसरा, आपली थोडी ऊर्जा अणूंच्या कंपनाला देऊन किंचित तांबडा होऊन बाहेर पडतो. हाच रामन परिणाम. द्रवांच्या आणि वायूंच्या वर्णपटांत अशा अनेक रेषा दिसतात. हिऱ्यात मात्र ठळक अशी एकच रेषा दिसते. तिचे स्थान मूळ प्रकाशापासून १३३२ एकक दूर असते. हे एकक म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या तरंगांची संख्या. १९३० सालीच सी. रामस्वामी, भगवंतम आणि इंग्लंडमधील रॉबर्टसन व फॉक्स यांनी ती नोंदवली होती. हिऱ्याच्या जालकात कार्बन अणूंचे दोन संच एकमेकांत गुंफलेले असतात. ते दोन संच परस्परविरुद्ध दिशांनी हलतात तेव्हाचे हे कंपन आहे.

रेषा एक असली, तरी हिरे एकसारखे नव्हते. १९३४ साली रॉबर्टसन, फॉक्स आणि मार्टिन यांनी दाखवले की हिऱ्यांचे दोन प्रकार आहेत. बहुसंख्य हिरे जंबुपार प्रकाश सुमारे ३०० नॅनोमीटरच्या खाली अडवून धरतात, तर थोडे दुर्मीळ हिरे तो सुमारे २२५ नॅनोमीटरपर्यंत आरपार जाऊ देतात. काही हिरे जंबुपार दिव्याखाली निळे चमकतात, काही हिरवट पिवळे, काही मुळीच चमकत नाहीत. डोळ्यांना दोन्ही सारखेच पाणीदार, पण प्रकाशाच्या दृष्टीने वेगळे पदार्थ. हा फरक कशामुळे, या प्रश्नाभोवती बंगळुरूचे सगळे काम फिरले.

ॲना मणी १९४० साली शिष्यवृत्ती घेऊन रामन यांच्याकडे आल्या. त्रावणकोरमधील पीरमेड येथे १९१८ साली त्यांचा जन्म झाला. सुखवस्तू घराच्या रिवाजाप्रमाणे आठव्या वाढदिवसाला त्यांना हिऱ्याच्या कुड्या मिळायच्या होत्या. त्यांनी त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागून घेतले. पुढे तीसेक हिरे त्यांच्या हाती आले ते असे, वर्णपट घेण्यासाठी. प्रत्येक हिऱ्याची प्रतिदीप्ती, शोषण आणि रामन वर्णपट नोंदवायचे, तापमान बदलून नोंदवायचे, प्रकाशाचे ध्रुवण कसे होते ते पाहायचे. प्रकाश इतका क्षीण की छायाचित्रणाची काच पंधरा ते वीस तास उघडी ठेवावी लागे. त्या रात्री त्या प्रयोगशाळेतच झोपत. १९४२ ते १९४५ या काळात हिरा आणि माणिक यांच्या प्रकाशावर त्यांचे एकट्याच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

रामन यांच्या पुढाकाराने १९३४ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात १९४४ साली हिऱ्यावरील निबंधांचा एक संचच आला. त्यात मणी होत्या, हिऱ्याच्या संदीप्तीवर काम करणाऱ्या सुनंदाबाई होत्या, पुढे प्रथिनांच्या रचनेसाठी जगप्रसिद्ध झालेले जी. एन. रामचंद्रन होते. रामचंद्रन यांनी क्ष-किरणांनी हिऱ्याच्या पृष्ठाचा नकाशा काढला आणि जालक कुठे सरळ आहे, कुठे विस्कटले आहे, हे ठिकाणानुसार दाखवले. रामन आणि रेंडॉल यांनी हिरा दोन आडव्या ध्रुवकांच्या मध्ये ठेवला. निर्दोष घनाकृती स्फटिक अशा मांडणीत पूर्ण काळोखा दिसायला हवा. प्रत्यक्षात बहुतेक हिऱ्यांत उजळ पट्टे, जाळ्या, फुलांसारख्या आकृत्या दिसल्या. आत ताण असल्यामुळे प्रकाशाचे दोन घटक वेगवेगळ्या वेगांनी जात होते, म्हणजे स्फटिक दुहेरी अपवर्तन करत होता. या आकृत्यांचा संबंध हिऱ्याच्या चमकेशी आणि पारदर्शकतेशी कसा लागतो, हे त्यांनी बारकाईने तपासले. आजच्या भाषेत सांगायचे तर तिथे हिऱ्याची गुणवत्ता ठरवण्याच्या पद्धती बसवल्या जात होत्या, फक्त हेतू तो नव्हता.

तंत्राच्या दृष्टीने सर्वांत देखणा प्रयोग आर. एस. कृष्णन यांचा. रामन परिणाम तरंगलांबी कमी होईल तसा झपाट्याने बळावतो. म्हणून कृष्णन यांनी पाऱ्याच्या दिव्यातील २५३.७ नॅनोमीटरची जंबुपार रेषा वापरली. पण दिव्याचा मूळ प्रकाश इतका दाहक की शेजारच्या क्षीण रेषा त्यात बुडून जात. त्यावर उपाय असा की विखुरलेला प्रकाश पाऱ्याच्या वाफेतून पाठवायचा. पारा आपलीच रेषा शोषून घेतो आणि रामन रेषा तेवढ्या उरतात. अर्थात ही युक्ती जंबुपार प्रकाश आरपार सोडणाऱ्या दुर्मीळ हिऱ्यावरच चालते. या पद्धतीने हिऱ्याचा दुसऱ्या श्रेणीचा, मुख्य रेषेहून शेकडो पटींनी क्षीण असा वर्णपट हाती आला.

आणि मग त्याच्या अर्थावरून वाद पेटला. रामन यांचे म्हणणे असे की स्फटिकाला मोजक्याच स्वतंत्र कंपनसंख्या असतात आणि कृष्णन यांच्या काचेवरील शिखरे हा त्याचाच पुरावा आहे. बोर्न यांचा जालकसिद्धांत सांगत होता की कंपनांचा पट अखंड असतो. शिखरे दिसतात ती त्या पटाच्या दाट जागांमुळे. ज्या बोर्न यांना बंगळुरूत ठेवून घेण्यासाठी रामन यांनी आपले पद पणाला लावले, त्यांच्याशीच हा वाद झाला. १९४८ साली बोर्न यांच्या विद्यार्थिनी हेलन स्मिथ यांनी हिऱ्याच्या वर्णपटाचे गणित करून दाखवले आणि ते प्रयोगाशी जुळले. रामन यांनी ते मान्य केले नाही. या वादात ते चुकले होते, हे स्पष्टपणे म्हणायला हवे.

दुसरी चूक लेसरच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. हिऱ्यांचे दोन प्रकार का पडतात, याचे रामन यांचे उत्तर सममितीचे होते. आदर्श हिऱ्याच्याच निरनिराळ्या सममिती असलेल्या चार रचना संभवतात, त्या एकमेकींत मिसळतात आणि त्यामुळे चमक, शोषण व ताण बदलतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. अशुद्धीचा मुद्दा त्यांनी दूर ठेवला. १९५९ साली बेल प्रयोगशाळेतील वुल्फगांग कायझर आणि बॉण्ड यांनी हिरे जाळून त्यातून निघालेला वायू तपासला. नेहमीच्या प्रकारच्या हिऱ्यांत नायट्रोजन होता, हजार अणूंमागे सुमारे दोनपर्यंत. जितका नायट्रोजन जास्त, तितके जंबुपार शोषण जास्त. मणी यांच्या काचांवर ४१५ नॅनोमीटरजवळ आणि ५०३ नॅनोमीटरजवळ ज्या रेषा पुनःपुन्हा उमटल्या होत्या, त्यांचाही उलगडा कालांतराने झाला. पहिल्या रेषेमागे एका रिकाम्या जागेभोवती बसलेले तीन नायट्रोजन अणू असतात, दुसरीमागे दोन.

सिद्धांत कोसळला, मोजमाप उभे राहिले. मणी यांचे आकडे रामन यांच्या चार रचनांसाठी जमवले गेले होते आणि ते नायट्रोजनाच्या केंद्रांसाठी कामी आले. पण ज्यांनी ते जमवले त्यांच्या वाट्याला काय आले? ऑगस्ट १९४५मध्ये मणी यांनी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला, कारण तेव्हा विज्ञान संस्थेतील कामासाठी पदवी ते विद्यापीठ देत असे. विद्यापीठाने उत्तर दिले की उमेदवाराकडे एम.एस्सी. नाही, तेव्हा पीएच.डी. देता येणार नाही. बी.एस्सी. ऑनर्स आणि त्या गुणवत्तेवर मिळालेली संशोधन शिष्यवृत्ती मोजली गेली नाही. तो प्रबंध आजही रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात इतर प्रबंधांच्या रांगेत आहे. मणी लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजात गेल्या, तिथे हवामानशास्त्रीय उपकरणांकडे वळल्या, १९४८ साली पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या आणि भारतात हवामानाची व सौर प्रारणाची उपकरणे प्रमाणित करण्याचे मोठे काम त्यांनी उभे केले. पुण्याचा लाभ तो हिऱ्याच्या भौतिकीचा तोटा.

आता माणिक. माणिक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या स्फटिकात काही ॲल्युमिनियमच्या जागी बसलेले क्रोमियम. क्रोमियम हिरवा आणि जांभळट निळा प्रकाश शोषतो, क्षणार्धात एका मधल्या पातळीवर उतरतो, तिथे सुमारे तीन सहस्रांश सेकंद रेंगाळतो आणि मग ६९४.३ नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश सोडतो. ही लाल रेषा एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होती आणि मणी यांनीही बंगळुरूत तिचा अभ्यास केला. मग तिथे लेसर का झाला नाही? कारण चमकणे आणि लेसर होणे यांत एक मोठी दरी आहे. लेसरसाठी निम्म्याहून अधिक क्रोमियम अणू एकाच वेळी वरच्या पातळीवर चढवावे लागतात, म्हणजे एक सणसणीत झगमगाट हवा. दोन समांतर आरसे हवेत. आणि मुख्य म्हणजे असे काही करावे ही कल्पना हवी. ती दुसऱ्या महायुद्धातील रडारच्या कामातून, मेसरच्या वाटेने, १९५८च्या सुमारास प्रकाशापर्यंत पोहोचली. १९४२ साली ती जगात कुणाकडेच नव्हती.

आणि ती कल्पना आल्यावरही माणिक जवळजवळ बाद झाले होते, हे इथे सांगण्यासारखे आहे. आर्थर शॉलो यांच्या मते फिकट माणिक लेसरसाठी अयोग्य होते, कारण निम्मे अणू चढवणे फार महाग पडणार. शिवाय आयर्विन वीडर यांच्या मोजणीनुसार माणिक शोषलेल्या प्रकाशातील केवळ एक टक्का प्रकाशकण लाल करून परत देत असे. मेमन यांनी ती मोजणी स्वतः पुन्हा केली आणि उत्तर पाऊणशे टक्क्यांच्या आसपास आले. उरलेले काम म्हणजे छायाचित्रकाराची सर्पिल फ्लॅश नळी, आत माणकाची कांडी, तिच्या टोकांना चांदी. पहिला लेसर जन्मला तो एका प्रतिदीप्तीच्या चोख मोजमापातून, म्हणजे ज्या प्रकारचे मोजमाप मणी रात्र रात्र जागून करीत होत्या, त्याच प्रकारच्या मोजमापातून.

हिऱ्याची पाळी अपघाताने आली. १९६२ साली वुडबरी आणि एंग ह्यूज कंपनीत माणिक लेसरची शक्ती एका लहानशा स्पंदात कोंबण्यासाठी नायट्रोबेंझीन भरलेली कुपी वापरत होते. लाल लेसरबरोबर ७६७ नॅनोमीटरचा एक आगंतुक किरण बाहेर पडू लागला. दोन तरंगलांबींतील अंतर नायट्रोबेंझीनच्या एका रामन रेषेइतके निघाले. कोटीत एखादा प्रकाशकण देणारा रामन परिणाम प्रखर झोताखाली स्वतःच स्वतःला वाढवत नेऊ लागला होता. यालाच उद्दीपित रामन प्रकीर्णन म्हणतात. याचा अर्थ असा की लेसरचा रंग आता अणूच्या पातळ्यांवर अवलंबून राहिला नाही. ज्या पदार्थाचे कंपन सोयीचे, तो पदार्थ वाटेत ठेवला की रंग बदलला. पुढच्याच वर्षी हिरा, कॅल्साइट आणि गंधक या स्फटिकांत तसे घडताना दिसले. रामन तेव्हा बंगळुरूतच, १९४८ साली स्थापलेल्या आपल्या संस्थेत, काम करीत होते. त्यांचे निधन १९७० साली झाले.

याच सुमारास महाराष्ट्राशी जोडलेले एक नाव या कथेत येते. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेतलेले सी. कुमार पटेल बेल प्रयोगशाळेत होते. १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला, जो आजही कारखान्यांत पत्रे कापतो. १९७० साली त्यांनी आणि शॉ यांनी तोच लेसर इंडियम अँटिमोनाइडच्या स्फटिकावर टाकला आणि चुंबकीय क्षेत्रातील इलेक्ट्रॉनांच्या फिरकीवर चालणारा रामन लेसर मिळवला. चुंबकीय क्षेत्र कमीजास्त केले की त्याची तरंगलांबी सरकत असे. अवरक्त पट्ट्यात हवी ती तरंगलांबी निवडता येणे ही त्या काळी फार मोठी चैन होती.

१९६३ नंतर हिऱ्याच्या रामन लेसरचे व्हायला हवे होते ते झाले नाही. कागदावर त्याच्याइतका योग्य पदार्थ नाही. रामन लेसरमध्ये प्रत्येक बदललेल्या प्रकाशकणामागे थोडी ऊर्जा कंपन म्हणून स्फटिकातच राहते. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश हिऱ्यात १२४० नॅनोमीटरचा होतो तेव्हा शंभरातील चौदा हिस्से उष्णता बनतात. सामान्य स्फटिकात ही उष्णता साचते, मधला भाग फुगून भिंगासारखा वागू लागतो आणि किरण बिघडतो. नेहमीच्या याग स्फटिकापेक्षा हिरा शंभरपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतो आणि तापल्यावर जेमतेम प्रसरण पावतो. अडचण नमुन्याचीच होती. नैसर्गिक हिरा लहान, महाग, नायट्रोजनमुळे प्रकाश खाणारा आणि रामन-रेंडॉल यांनी दाखवलेल्या ताणाच्या जाळ्यांनी भरलेला. लेसरच्या दोन आरशांमध्ये प्रकाश शेकडो वेळा ये-जा करतो. प्रत्येक फेरीत टक्काभर जरी गळती झाली तरी काम संपले.

म्हणून हिरा खाणीऐवजी भट्टीतून यावा लागला. मिथेन आणि हायड्रोजनच्या सूक्ष्मतरंगांनी पेटवलेल्या प्लाझ्मात हिऱ्याच्या पातळ बीजावर थरावर थर चढवत एकस्फटिक वाढवण्याची पद्धत या शतकाच्या सुरुवातीला परिपक्व झाली. नायट्रोजन अब्जांशांत मोजावा इतका खाली आला. तरीही दुहेरी अपवर्तनाने छळले; बीजाच्या पृष्ठावरील एकेक ओरखडा वरच्या थरांत ताणाची रेघ होऊन चढतो. बीज निवडणे, घासणे, वाढीची दिशा राखणे यांवर बरीच वर्षे गेली. २००८ साली सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात रिचर्ड मिल्ड्रेन आणि सहकाऱ्यांनी अशा हिऱ्याचा रामन लेसर चालवून दाखवला. त्या रंगबदलाचे माप १३३२च आहे. तयार नमुना पारखताना आजही तो दोन आडव्या ध्रुवकांमध्येच धरतात.

हिऱ्याच्याच साच्यात कार्बनऐवजी सिलिकॉन घातले की रामन रेषा ५२०वर येते. संगणकाच्या चिपवरच लेसर व्हावा या इच्छेपोटी २००४ साली लॉस एंजेलिसच्या बोयराझ आणि जलाली यांनी सिलिकॉनचा रामन लेसर स्पंदांत चालवला. अखंड चालेना, कारण प्रखर प्रकाशात सिलिकॉन दोन प्रकाशकण एकदम गिळतो आणि सुटे झालेले इलेक्ट्रॉन उरलेला प्रकाश खातात. दुसऱ्या वर्षी इंटेलच्या गटाने प्रकाशवाहिनीच्या दोन्ही बाजूंना डायोड बांधून ते इलेक्ट्रॉन विजेने ओढून काढले आणि लेसर अखंड चालू लागला. एकाच वेळी दोन प्रकाशकण शोषले जाण्याची ही क्रिया लेसरने प्रथम दाखवली होती ती १९६१ साली, कायझर आणि गॅरेट यांनी. हिऱ्यातील नायट्रोजन शोधणारे ते हेच कायझर.

बंगळुरूत आज रामन लेसर पुन्हा घडतात, मात्र हिऱ्यात नव्हे, काचेत. भारतीय विज्ञान संस्थेच्या नॅनोविज्ञान व अभियांत्रिकी केंद्रात व्ही. आर. सुप्रदीपा यांचा गट प्रकाशतंतूंचे उच्चशक्ती लेसर बनवतो. यटर्बियम घातलेले तंतू १ मायक्रोमीटरच्या आसपास भरपूर शक्ती देतात, पण तेवढ्याच पट्ट्यात. त्यापलीकडचे रंग हवे असतील तर काचेच्या कंपनांची शिडी वापरायची. सिलिका काचेचे एक पाऊल साधारण ४४० एककांचे असते. १११७ नॅनोमीटरवरून निघून ११७५, १२४०, १३१०, १३९० अशा पायऱ्या उतरत १४८०ला पोहोचता येते. काचेत जर्मेनियम वाढवले की पाऊल अधिक सहज पडते. फॉस्फरस घातला तर काचेत एक नवी, लांब उडी उपलब्ध होते, सुमारे १३३० एककांची. हिऱ्याच्या १३३२शी तिची जवळीक हा निव्वळ योगायोग आहे. फॉस्फरस-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाचा हिऱ्याच्या जालकाशी काही संबंध नाही. पण त्यामुळे १०६४वरून १२४० आणि तिथून १४८० अशा दोन उड्यांत काम होते. सुप्रदीपा यांच्या गटाने तंतूत ठिकठिकाणी आरशासारख्या जाळ्या न कोरता, काचेतील नैसर्गिक विषमतेवरून मागे फिरणाऱ्या किंचित प्रकाशाच्या जोरावर अशा शिड्या चालवल्या आहेत. दूरसंचाराच्या साध्या तंतूतून अनेक रंगांचा अखंड पट्टाही त्यांनी मिळवला आहे. जाळ्या नसल्यामुळे तरंगलांबी ठरावीक जागी अडकून राहत नाही, सरकवता येते.

याच शहरात, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत, इस्रोच्या विद्युत-प्रकाशीय प्रणाली प्रयोगशाळेने चांद्रयान-१चा लेसर उंचीमापक बनवला आणि २०२३ साली चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक असल्याची खात्री करणारे प्रज्ञान रोव्हरवरील लेसर उपकरणही. ती कथा वेगळी आणि तिच्यातील स्फटिकही वेगळे.

हिऱ्याचे काम देशात आता अन्यत्र चालू आहे. २०२३च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांच्या संशोधनासाठी तरतूद झाली आणि सुमारे २४३ कोटी रुपयांचे पाच वर्षांचे केंद्र आयआयटी मद्रासला मिळाले. सुरतेत असे हिरे दागिन्यांसाठी वाढवले जातात. दागिन्यासाठी डोळ्याला स्वच्छ दिसणे पुरते. लेसरसाठी पुरत नाही. राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये क्वांटम संवेदनाचे केंद्र आयआयटी मुंबईत आहे, आणि तिथे तर हिऱ्यात नायट्रोजन हवाच असतो. अतिशुद्ध हिऱ्यात एकेकटा नायट्रोजन अणू एका रिकाम्या जागेशेजारी बसवला की तो हिरव्या प्रकाशाखाली लाल चमकतो, आणि त्या चमकेच्या तीव्रतेवरून अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजता येते. मात्र नायट्रोजनचे प्रमाण थोडे वाढले तर शेजारचे अणू त्या केंद्राला ढवळून टाकतात, आणि फार कमी झाले तर संकेतच मिळत नाही. त्यासाठी वाढ चालू असतानाच प्लाझ्मात मोजून नायट्रोजन सोडावा लागतो, आणि किती शिरला हे पाहण्यासाठी नमुना जंबुपार दिव्याखाली ठेवून त्याचा प्रतिदीप्ती वर्णपट घ्यावा लागतो. आता त्याला पंधरा तास लागत नाहीत.